पडझडीतही काम सुरू ठेवणारे घर

आपल्या मुलाला अपयश पचवता यावे, असे प्रत्येक पालकाला वाटते. प्रत्यक्षात घरावर संकट आले, की मोठी माणसे दाराआड कुजबुजतात आणि मुलांसमोर सारे सुरळीत असल्याचा आव आणतात. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्या घरात असा आडपडदा फारसा शक्यच नव्हता. व्यवसाय मोडला, दृष्टी अधू झाली, दागिने गहाण पडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काम सुरू झाले, हे सारे मुलांच्या देखत घडत होते.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण आत्मसात करून त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथे प्लेगच्या साथीने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. ते गाव सोडून त्यांनी नव्याने सुरुवात केली. १९०२ मध्ये सरस्वतीबाईंशी त्यांचा विवाह झाला.

पुरातत्त्व खात्यातील नकाशे आणि रेखाचित्रे काढण्याची नोकरी त्यांनी काही वर्षांत सोडली आणि छपाईच्या धंद्यात उडी घेतली. रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे यांसाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. छापखान्याचा लौकिक वाढत असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि त्यांनी तो सोडून दिला. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. संसार वाढत होता आणि हाती निश्चित उत्पन्न नव्हते.

याच सुमारास गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. आपल्या पुराणकथा अशाच पडद्यावर आणायच्या, या ध्यासाने त्यांना पछाडले. अपुरी झोप, सततचे प्रयोग आणि रोजचे चित्रपट पाहणे यांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनंतर दृष्टी परतली, तसे तेही कामाकडे परतले.

विमा पॉलिसी तारण ठेवून काढलेल्या कर्जावर त्यांनी १९१२ च्या फेब्रुवारीत लंडन गाठले. तेथून कॅमेरा आणला, तरी चित्रपटासाठी पैसा द्यायला कोणी पुढे येईना. फाळके यांनी त्यावर शांतपणे उपाय शोधला. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोपाच्या वाढीचे थोडे थोडे चित्रण केले. रोप भराभर वाढते आहे, असे पडद्यावर दिसताच पाहणारे थक्क झाले आणि कर्ज मिळाले. मुलांना संयम शिकवण्यासाठी याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

तरीही पैसा अपुराच पडला. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या आणि चित्रपटाच्या चमूचा स्वयंपाकही त्यांनीच केला. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री तयार होईना, तेव्हा एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके यांना ती भूमिका देण्यात आली. रोहिदास झाला तो फाळके यांचा मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

या घराचे सारेच अनुकरणीय होते, असे मात्र नाही. चित्रीकरणाच्या काळात भालचंद्र खडकावर पडला आणि त्याच्या डोक्याला इजा झाली. तरीही चित्रीकरण थांबले नाही, असे चरित्रकार सांगतात. आजच्या पालकाला हे पटणार नाही आणि ते रास्तच आहे. मुलाने चिकाटी शिकावी, पण तिची किंमत त्याच्या शरीराने मोजावी, असे कोणी म्हणणार नाही.

पुढे मुलगी मंदाकिनी हिने ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटांत बाळकृष्णाची भूमिका केली. नाशिकला सुरू झालेल्या हिंदुस्थान फिल्म्स कंपनीत मात्र फाळके यांचे भागीदारांशी पुन्हा बिनसले. ते काशीला गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले आणि कालांतराने ते पुन्हा चित्रपटाकडे वळले. बोलपटांचे युग आल्यावर मूकपटाच्या या कलावंताचे दिवस सरले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वैभव केव्हाच ओसरले होते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

म्हणजे, धडपडीचे फळ नेहमी मिळतेच, असे हे चरित्र सांगत नाही. दादरच्या घरातील मुलांनी पाहिले ते एवढेच, की वडील हरले तरी रागाने सारे उधळून देत नाहीत आणि आई हतबल होऊन बसत नाही. दोघेही पुढचे काम हाती घेतात आणि त्यात मुलांनाही सामील करून घेतात. घरात पैशांची ओढ असेल, नोकरी गेली असेल, तर मुलांना झेपेल एवढे खरे सांगावे आणि एखादे छोटे काम त्यांच्याही हाती द्यावे. कुंडीतील वाटाण्याला पाणी घालण्याएवढे ते छोटे असले, तरी चालेल.