वालचंद, ओझर आणि रिकाम्या सीटा

ओझरला धावपट्टी आहे, टर्मिनल आहे, पण विमानसेवा सुरू होते आणि बंद पडते हा खेळ नाशिककरांनी बराच पाहिलाय. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन १९ सीटांचं विमान घेऊन आली आणि पुढे रखडली. २०१८ मध्ये जेटची दिल्ली सेवा सुरू झाली, तर एप्रिल २०१९ मध्ये अख्खी कंपनीच जमिनीवर आली. २०२२ मध्ये 'उडान' योजनेची मुदत संपताच अलायन्स एअरने काढता पाय घेतला. मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली. विमान बंद झालं की कट्ट्यावर कारण एकच ऐकू येतं, राजकारण! पण मित्रांनो, हा हिशोब त्याहून जुना आहे. तो समजून घ्यायचा तर शेठ वालचंद हिराचंद यांचं आयुष्य बघावं. ओझरच्या एचएएलचं मूळही त्यांच्यापर्यंतच जातं.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं. मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज अशी दोन्ही कॉलेजं केली, पण डिग्री काही घेतली नाही. (केटीवाल्यांनी लगेच खूष होऊ नये!) घरच्या धंद्यात मन रमेना, तेव्हा रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. तिथून ठेकेदारी वाढत बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेली.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या महाराजांची 'लॉयल्टी' ही आगबोट विक्रीला निघाली. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मित्रांना गोळा करून ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

पण समुद्रावर आधीपासून इंग्रजांच्या बड्या कंपन्या होत्या. त्यांनी भाडी पाडली. मोठ्या कंपनीला एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या दहा मार्गांवर भरून काढता येतो, नवख्या कंपनीचा खिसा मात्र दोन-तीन वर्षांत फाटतो. 'लॉयल्टी' चालवायलाही महाग होती, ती १९२३ मध्ये भंगारात निघाली. त्याच वर्षी सिंदियाने ब्रिटिश इंडिया कंपनीशी दहा वर्षांचा करार केला. त्यात जहाजांच्या टनेजवर मर्यादा आली आणि परदेशी मार्ग सोडून फक्त किनारपट्टीवर राहायचं ठरलं. लंडनला जायचं म्हणून काढलेल्या कंपनीने लंडनच सोडलं! लोकांना हे झोंबलं, खुद्द वालचंदांनाही कमी झोंबलं नसेल. पण कंपनी जगली. १९२९ मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले, आणि स्वातंत्र्यानंतर सिंदियाची जहाजं पुन्हा परदेशी मार्गांवर गेली. मार्ग सोडला म्हणजे सगळं संपलं असं नसतं, पण परत यायला कंपनी जिवंत राहावी लागते.

दरम्यान आपल्या जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला त्यांचा साखर कारखाना उभा राहिला. रावळगावच्या गोळ्या तिथल्याच. मग त्यांचं लक्ष आकाशाकडे गेलं. १९३९ च्या अमेरिका प्रवासात विल्यम पॉली हा विमान व्यवसायातला माणूस भेटला आणि २३ डिसेंबर १९४० ला म्हैसूर संस्थानच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. १९४१ मध्ये तिथून पहिलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. पण युद्ध दाराशी आलं होतं. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. १९६४ मध्ये ही कंपनी आणि मिग कारखान्यांसाठी स्थापलेली सरकारी कंपनी एकत्र येऊन आजची एचएएल झाली. ओझरचा कारखाना तिच्यातलाच.

विमान बनवणं हातचं गेलं, तरी विमान चालवणं होतं. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया नावाची एक छोटी कंपनी युद्धाआधी मुंबईहून भावनगर, राजकोट, जामनगर, पोरबंदर अशा गावांना जायची. संस्थानांच्या मदतीवर ती चालली आणि युद्धाच्या सुमारास बंद पडली. १९३२ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या विमानाला टपालाचं कंत्राट होतं, म्हणजे सीट रिकामी असली तरी पत्रांचे पैसे येत. १९४३ मध्ये सिंदियाने ही बंद पडलेली कंपनी घेतली आणि युद्ध संपल्यावर ती पुन्हा उडवली.

आता गणित बघा. विमानात ७० माणसं बसोत की २०, पायलट दोनच लागतात. लँडिंगचं भाडं तेवढंच, इंधनही जवळपास तेवढंच. मार्ग छोटा असेल तर चढण्या-उतरण्यातच जास्त इंधन जातं. चाकं, ब्रेक आणि इंजिनाची झीज तासांवर कमी आणि फेऱ्यांवर जास्त अवलंबून असते. तेच विमान दुसऱ्या मार्गावर जास्त कमावत असेल तर कंपनी ते तिकडे नेणारच. छोट्या तळाचंही तसंच. तिथे मेकॅनिक, सुटे भाग, मुक्कामाचे पायलट सगळं ठेवावं लागतं, म्हणून विमानं कमी पडली की कात्री तिथेच आधी लागते. आपल्या नागपूरचं उदाहरण घ्या. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री तिथे जमायची, थैल्या बदलून परत फिरायची. पुढे लांब पल्ल्याची जेट विमानं आली, मध्ये थांबायची गरज उरली नाही आणि तो रात्रीचा मेळा उठला.

युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डकोटा विमानांवर कंपन्यांचं पीक आलं. प्रवासी मूठभर आणि कंपन्या ढीगभर! न्या. राजाध्यक्ष समितीने १९५० मध्ये हेच दाखवून दिलं. शेवटी सरकारने १ ऑगस्ट १९५३ ला आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स केली. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया त्यातलीच एक. वालचंदांनी हे पाहिलं नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला होता, ८ एप्रिल १९५३ ला सिद्धपूरला ते गेले.

त्यांच्या हातून विमान कारखाना गेला, त्यांच्यामागे विमान कंपनीही गेली. पण बोटींचा धंदा टिकला, कारण वाईट वर्षं काढायला किनारपट्टीचं हक्काचं उत्पन्न होतं. 'उडान'मध्ये सरकार रिकाम्या सीटांचा भार तीन वर्षं उचलतं. तेवढ्यात प्रवासी तयार झाला नाही तर विमान जाणारच, कारण मुंबईला रस्त्यानेही जाता येतं. म्हणून पुढच्या वेळी ओझरची सेवा बंद झाली तर कंपनीला शिव्या देण्याआधी एक विचारू या : या तीन वर्षांत सातपूर-अंबडचे कारखाने, द्राक्षवाले, कॉलेजं, आपण सगळे मिळून किती सीटा भरल्या?