कुंभ्याच्या झाडामागचा माणूस : विल्यम कॅरी

मोहने-आंबिवलीकडून मुरबाड किंवा शहापूरच्या रानात गेलात तर कुंभा तुम्ही पाहिलाच असेल. थंडीत पानं तांबडी होऊन गळतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोठी, झुबकेदार केसरांची फुलं येतात. सालीचा दोर वळतात, हेही तुम्हाला माहीत असेल. या झाडाचं शास्त्रीय नाव आहे करेया आर्बोरिया. त्यातलं ‘करेया’ हे विल्यम कॅरी या मिशनऱ्याच्या नावावरून आलंय. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी आपल्या मित्राचं नाव या झाडाला दिलं.

कॅरीचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. काका माळी होते, त्यामुळे झाडांचा नाद लहानपणापासूनच. पण त्याला कातडीचा आजार होता, उन्हात काम सोसवेना. म्हणून घरच्यांनी त्याला चांभारकामाला घातलं. पुढे आयुष्यभर बंगालच्या उन्हात बागकाम करणारा हाच तो माणूस!

जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. कॅप्टन कुकच्या सफरींचं पुस्तक त्याच्या हाती पडलं, आणि दूरच्या देशांत जाऊन आपला धर्म सांगावा असं त्याच्या मनानं घेतलं. हा विचार एका रात्रीत आला नाही, तो बरीच वर्षं मुरत होता. १७९२ मध्ये त्यानं त्यावर पुस्तिका काढली आणि त्याच वर्षी मिशनरी संस्था उभी राहिली.

बायकोला मात्र ही हाक ऐकू आली नव्हती. डोरोथी गरोदर होती, तिनं साफ नकार दिला. पहिल्या जहाजावरून कॅरीला उतरावं लागलं, कारण कंपनी सरकारचा परवाना नव्हता. तेवढ्या अवधीत डोरोथीचं बाळंतपण झालं आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, असं म्हणून ती निघाली. नोव्हेंबर १७९३ मध्ये सगळे कलकत्त्याला पोचले. थोड्याच दिवसांत जवळचे पैसे संपले.

१७९४ मध्ये मालदा भागात मदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर त्याला व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. मिशनचा पैसा आता नको, असं त्यानं इंग्लंडला कळवलं. सोबत मागितलं काय, तर दरवर्षी थोडं बियाणं, विळे, कोयते आणि नांगराची चाकं. त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारानं गेला. मूठमाती द्यायला माणसं मिळेनात. डोरोथीचं मन तेव्हापासून ढासळत गेलं ते सावरलंच नाही. १८०७ मध्ये ती वारली. कॅरीची थोरवी सांगताना ही बाजू बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. माझ्या मते ती किंमत त्याच्यापेक्षा तिनं जास्त मोजली.

पूर आणि बुडालेली पिकं यांनी निळीचा कारखानाही बंद पडला. १८०० च्या आरंभी तो श्रीरामपूरला आला. हे आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळी नदीकाठचं, तेव्हा डॅनिश लोकांच्या ताब्यातलं. भारतात आल्यापासून सात वर्षं एकही माणूस त्याच्या धर्मात आला नव्हता. त्या काळात तो बंगाली आणि संस्कृत शिकत होता. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं १८०५ मध्ये त्यानं मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मोडी लिपीत कोश. महाराष्ट्रात पाऊल न ठेवता केलेलं हे काम. त्यामुळे त्याचं मराठी बायबल इकडे फार रुजलं नाही, पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी नवं भाषांतर केलं.

आता बागेबद्दल. श्रीरामपूरला त्यानं सुमारे पाच एकरांत देशोदेशीची झाडं लावली. इंग्लंडहून आलेल्या बियाण्याची पिशवी रिकामी झाली, की तो ती कोपऱ्यातल्या मातीवर झटकायचा. एकदा तिथून डेझीचं रोप उगवलं. पावसाळ्यात ते तगत नाही हे लक्षात आल्यावर तो दरवर्षी त्याचं बी धरून पुन्हा पेरू लागला. घरचं बी राखणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१८२० मध्ये त्यानं कलकत्त्यात शेती आणि बागायतीची संस्था स्थापन केली. देशी जमीनदारही सभासद असावेत, हा त्याचा आग्रह होता. सुधारित बियाणं आणणं, चांगला भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांना बक्षिसं देणं, अशी कामं संस्थेनं केली. ही संस्था कलकत्त्यात आजही आहे. १८२३ च्या पुरानं त्याची सगळी बाग गेली. तेव्हा वय बासष्ट, त्यात कंबरेला दुखापत. त्यानं बाग पुन्हा लावली.

९ जून १८३४ रोजी तो वारला. इंग्लंडला परत गेलाच नाही. शेवटच्या दिवसांत उठता येत नव्हतं, तरी माळ्याला बोलावून घेऊन तो झाडांची विचारपूस करायचा. आपण गेल्यावर सहकारी मार्शमन बागेत गाई सोडतील, याचा त्याला घोर लागून राहिला होता.