घोड्याच्या बदल्यात विकलेला मुलगा बिशप झाला, पण त्याने निवडलेल्या एका शब्दावर आजही वाद होतो

गोष्ट आहे १८२१ सालची. आजच्या नायजेरियाच्या नैऋत्य भागातल्या ओसोगुन गावावर हल्ला झाला. गाव पेटवून दिलं गेलं आणि लोकांच्या गळ्यात दोर बांधून त्यांना गुलाम म्हणून नेलं गेलं. त्यात अजायी नावाचा १२-१३ वर्षांचा मुलगाही होता. त्याची आणि आईची ताटातूट झाली आणि त्याला एका घोड्याच्या बदल्यात देऊन टाकण्यात आलं.

हाच अजायी पुढे सॅम्युएल अजायी क्राउदर या नावाने जगाला माहीत झाला. अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप.

पण त्याची गोष्ट समजून घ्यायची तर आधी योरुबा समाज समजून घ्यावा लागतो.

आफ्रिकेबद्दल बोलताना आपण एक जमात म्हणजे एक धर्म असं सहज धरून चालतो. योरुबांच्या बाबतीत हे साफ चुकतं. त्यांचा मूळ धर्म ओरिशा देवतांचा. विजेचा शांगो, लोखंडाचा ओगुन, भविष्य सांगणारी इफा परंपरा आणि सगळ्यांच्या वर ओलोरुन, म्हणजे आभाळाचा मालक. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांबरोबर इस्लामही इथे शेकडो वर्षांपूर्वीच पोहोचला होता. ओसोगुनवर चालून आलेल्यांमध्ये फुलानी मुस्लिम होते, तसे योरुबा मुस्लिमही होते. म्हणजे अजायीला पकडणाऱ्यांपैकी काही जण त्याच्याच भाषेत बोलत होते.

हातोहात विकला जात अजायी लागोसच्या किनाऱ्यावर पोहोचला. १८२२ च्या एप्रिलमध्ये त्याला पोर्तुगीज जहाजावर चढवलं गेलं. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती आणि त्यांचं आरमार या किनाऱ्यावर गस्त घालत होतं. त्यांनी जहाज अडवलं, गुलामांना सोडवलं आणि सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला नेलं.

फ्रीटाऊन हे अजब शहर होतं. अशाच जहाजांवरून सुटलेले शंभरहून जास्त भाषा बोलणारे लोक तिथे शेजारी शेजारी राहत होते. अजायी तिथे मिशनच्या शाळेत जायला लागला आणि सहा महिन्यांत वाचायला शिकला. १८२५ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. १८२७ मध्ये फोरा बे कॉलेज सुरू झालं, तेव्हाच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता.

१८४१ मध्ये नायजर नदीवर एक मोठी ब्रिटिश मोहीम गेली. तापाने अनेक युरोपियन दगावले. आफ्रिकेत धर्मप्रचार करायचा तर आफ्रिकी माणसंच हवीत, हे लंडनमधल्या चर्च मिशनरी सोसायटीला पटलं. त्या मोहिमेवर क्राउदरही होते. १८४३ मध्ये लंडनमध्ये त्यांना पाद्री म्हणून दीक्षा मिळाली. तीन वर्षांनी ते मिशनच्या कामासाठी अबेओकुटाला गेले आणि तिथे त्यांना चक्क आई भेटली. पंचवीस वर्षांनी. पुढे तिनेही बाप्तिस्मा घेतला.

क्राउदर यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे योरुबा बायबल. भाषांतर करताना प्रश्न पडला, की देवाला काय म्हणायचं? परका शब्द न आणता त्यांनी ओलोरुन हेच नाव ठेवलं. प्रार्थनेसाठी आदुरा, पुरोहितासाठी आलुफा आणि प्रेषितासाठी वोली हे शब्द आले. गंमत म्हणजे हे तिन्ही शब्द योरुबात मुस्लिमांमुळे रुळलेले. म्हणजे ख्रिश्चनांच्या ग्रंथात देवाचं नाव ओरिशा परंपरेतलं आणि पुरोहिताचं मुस्लिमांकडून आलेलं. तीन धर्म एकाच पुस्तकात भेटले.

पण एका शब्दाने घोळ केला. देवाच्या शत्रूसाठी, म्हणजे सैतानासाठी, एशू हे नाव वापरलं गेलं. योरुबा परंपरेत एशू हा चौरस्त्याचा राखणदार, माणसांचा नैवेद्य देवांपर्यंत पोहोचवणारा दूत. खोडकर आहे, परीक्षा बघतो, पण तो देवाचा वैरी नाही. बायबल घराघरात पोहोचलं आणि त्याच्यासोबत हा अर्थही. एशूची पूजा करणारे आपल्याच गावात सैतानाचे भक्त ठरले. एशू म्हणजे सैतान नव्हे, हे सांगायला नायजेरियात आजही मोहिमा निघतात.

१८६४ मध्ये कँटरबरी कॅथेड्रलमध्ये क्राउदर बिशप झाले. त्यांचं कार्यक्षेत्र नायजर नदीच्या काठचं, म्हणजे योरुबांचं नव्हे तर इग्बो, नुपे अशा वेगळ्या समाजांचं. तिथे ते स्वतःच परके होते. त्यांनी इग्बोत पहिलं वाचनपुस्तक तयार केलं, नुपेचं व्याकरण लिहिलं. मुस्लिम राजांच्या दरबारात वाद घालण्यापेक्षा येशू, मरियम, जिब्रील अशा दोन्हीकडच्या ओळखीच्या नावांपासून ते बोलणं सुरू करायचे. ज्या धर्माच्या माणसांनी आपलं गाव जाळलं, त्या धर्माशी ते असं वागले.

शेवट मात्र कडू झाला. त्यांचे पाठीराखे हेन्री वेन १८७३ मध्ये वारले आणि वारं फिरलं. आफ्रिकी माणसाच्या हाताखाली काम करणं नव्या युरोपियन मिशनऱ्यांना रुचेना. काही आफ्रिकी सहकाऱ्यांविरुद्ध तक्रारी होत्याच, त्यांचा आधार घेऊन १८९० मध्ये ऐंशी वर्षांच्या बिशपच्या देखत त्यांची माणसं कामावरून काढली गेली. क्राउदर यांनी मिशनच्या समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ ला लागोसमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी युरोपियन बिशप आला.

२०१४ मध्ये, त्यांच्या बिशपपदाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, त्याच कँटरबरीत अँग्लिकन चर्चच्या प्रमुखांनी या अन्यायाबद्दल माफी मागितली.

आजही योरुबांमध्ये एकाच घरात एक भाऊ मशिदीत आणि दुसरा चर्चमध्ये जाताना दिसतो. ईद असो वा ख्रिसमस, जेवायला सगळे एकत्र. दोघांच्या तोंडी प्रार्थनेसाठी एकच शब्द असतो, आदुरा. एशूला मात्र आपल्या नावावरचा डाग अजून पुसता आलेला नाही.