संत जॉन मेरी व्हियानी व त्यांचे गुरु

परीक्षेचे निकाल लागले म्हणजे शिक्षकांच्या खोलींत कांहीं नांवें दरवर्षीं ऐकूं येतात. मुलगा सुशील आहे, कष्टाळू आहे; परंतु बुद्धि मंद, तेव्हां त्याला पुढें पाठविण्यांत अर्थ नाहीं, असा निर्णय आम्ही शिक्षक मोठ्या सहजतेनें देऊन टाकतों. फ्रान्स देशांतील एका विद्यार्थ्याविषयीं एके काळीं असाच निर्णय झाला होता. तो कायम राहता तर ख्रिस्तसभा एका थोर संताला मुकली असती. विद्यार्थी मित्रांपुढें आज त्या संताचें चरित्र ठेवीत असतांना, ज्यांनीं तो निर्णय अखेरचा मानला नाहीं त्या त्याच्या गुरूंचेंही स्मरण करावयाचें आहे.

जॉन मेरी व्हियानी याचा जन्म ता. ८ मे १७८६ रोजीं लिऑन शहराजवळील दार्दिली या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तो तीन वर्षांचा असतांना फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. नव्या सरकारनें मागितलेली शपथ घेण्यास ज्या धर्मगुरूंनीं नकार दिला, त्यांना वेष पालटून हिंडावें लागलें, आणि कित्येकांना प्राणासही मुकावें लागलें. मिस्सा होई ती चोरून, आडबाजूच्या घरांत. १७९९ सालीं जॉनला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला तोही असाच. मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें वाळल्या गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. ज्या मुलानें धर्मगुरूंना असें जीव मुठींत धरून सेवा करतांना पाहिलें, त्याला आपणही तसेंच व्हावें असें वाटलें यांत नवल तें काय?

परंतु इच्छा असणें निराळें आणि विद्या येणें निराळें. जॉनचें बालपण मेंढरें राखण्यांत व शेतांत राबण्यांत गेलें होतें. बापाची संमति मिळून तो एक्युली येथील धर्मगुरु बाले यांच्याकडे शिकावयास आला, तेव्हां त्याचें वय वीस वर्षांचें होतें. बाले यांनीं क्रांतीच्या दिवसांत स्वतः लपून राहून लोकांची सेवा केली होती. पुढें धर्मगुरूंची उणीव भासूं लागली, तेव्हां आपल्या घरींच त्यांनीं होतकरू मुलांसाठीं लहानशी शाळा काढली. तेथें लॅटिन व्याकरणानें जॉनची पुरती परीक्षा पाहिली. रात्रीं पाठ केलेलें सकाळीं आठवेना. वयानें कितीतरी लहान असलेला लोरास नांवाचा सोबती त्याला समजावून देतां देतां एकदां इतका चिडला कीं त्यानें जॉनच्या तोंडांत मारली. जॉननें त्या मुलापुढें गुडघे टेकून उलट त्याचीच क्षमा मागितली. मुलाला रडूं कोसळलें. हाच लोरास पुढें अमेरिकेंतील डुब्यूक येथील पहिला बिशप झाला.

अखेर जॉनचा धीर सुटला. घरीं परत जावें असें त्याच्या मनांत येऊं लागलें. बाले यांनीं त्याला खोटी स्तुति करून फुलविलें नाहीं, आणि दटावलेंही नाहीं. ध्येय सोडूं नये एवढेंच त्याच्या मनावर बिंबविलें. जॉन वाटेंत भिक्षा मागत संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीस पायीं जाऊन आला. त्यानंतर अभ्यास सोपा झाला असें नाहीं; मात्र पुढें चालण्यापुरतें बळ मिळालें.

इतक्यांत दुसरें संकट आलें. नेपोलियनच्या युद्धांसाठीं सक्तीची सैन्यभरती चालू होती. धर्मशिक्षण घेणाऱ्यांना सूट असे. पण जॉनचें नांव त्या यादींत नव्हतें. १८०९ सालीं त्याला बोलावणें आलें. आजारपणामुळें तो मागें राहिला, तुकडी पुढें गेली, आणि एका अनोळखी वाटसरूच्या मागोमाग तो ले नोए या डोंगरी खेड्यांत जाऊन पोहोंचला. तेथें निराळें नांव घेऊन, मुलांना शिकवीत, तो लपून राहिला. १८१० सालच्या सार्वत्रिक माफीमुळें त्याचें संकट टळलें; परंतु त्याच्या ऐवजीं त्याचा भाऊ सैन्यांत गेला, तो परत आला नाहीं. संतांच्या चरित्रांतही असे जड प्रसंग असतात. ते झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

१८१३ सालीं जॉन लिऑनच्या सेमिनरींत दाखल झाला. तेथील शिक्षण लॅटिनमधून असल्यामुळें व्याख्यानें त्याला समजेनात व उत्तरें देतां येईनात. थोड्याच महिन्यांत त्याला घरीं पाठविण्यांत आलें. सेमिनरीचे आचार्य कांहीं निष्ठुर नव्हते. अज्ञानी धर्मगुरूच्या हातीं लोकांचे आत्मे सोंपवूं नयेत हें त्यांचें म्हणणें योग्यच होतें. पण त्यांनीं जॉनची केवळ उत्तरें पाहिलीं होतीं. बाले यांनीं त्याला एका छपराखालीं जवळून पाहिलें होतें. तो प्रार्थना कशी करतो, अपमान कसा गिळतो, दारीं आलेल्या भिकाऱ्याशीं कसा वागतो, हें त्यांना ठाऊक होतें. त्यांनीं नियम मोडण्याची याचना केली नाहीं. शिष्याला पुन्हां जवळ बसवून धर्मशास्त्राचा तोच विषय फ्रेंच भाषेंतून त्यांनीं शिकविला व परीक्षा पुन्हां घेववून दिली. अधिकाऱ्यांचें समाधान झालें, आणि ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें जॉनला गुरुदीक्षा मिळाली. त्या वेळीं त्याचें वय एकोणतीस होतें.

व्हियानी यांना प्रथम बाले यांचेच साहाय्यक नेमण्यांत आलें. पापनिवेदन ऐकण्याची परवानगी त्यांना कांहीं महिन्यांनीं मिळाली, आणि पहिलें पापनिवेदन करावयास त्यांच्यापुढें गुडघे टेकून बसले ते स्वतः त्यांचे गुरु! उपासतापासांत दोघेही एकमेकांवर ताण करीत. शेवटीं प्रत्येकानें दुसऱ्याच्या अतिरेकाविषयीं वरिष्ठांकडे तक्रार केली. १८१७ च्या डिसेंबरांत बाले वारले. त्यांचा लहानसा आरसा व्हियानी यांनीं आयुष्यभर जपून ठेविला. कारण त्यांत गुरूंचा चेहरा उमटलेला होता.

१८१८ सालीं त्यांची नेमणूक आर्स येथें झाली. जेमतेम अडीचशें वस्तीचें, धर्माविषयीं उदासीन असें तें खेडें. हळूहळू गांव पालटला, आणि मग लांबलांबून लोक येऊं लागले. ज्यांना एकदां अपुरे ठरविलें होतें, त्यांच्यापुढें मन मोकळें करण्यासाठीं विद्वान व अडाणी एकाच रांगेंत कित्येक दिवस तिष्ठत. व्हियानी दिवसाचे सोळा सोळा तास पापनिवेदन ऐकत. त्यांच्या अपात्रतेविषयीं कांहीं धर्मगुरूंनीं बिशपकडे पाठविण्यासाठीं लिहिलेला अर्ज एकदां त्यांच्याच हातीं आला. त्यांनीं त्यावर आपलीही सही केली. एकांतांत जाऊन राहण्याच्या ओढीनें ते आर्स सोडून निघालेही. पण प्रत्येक वेळीं परत आले. ता. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १९२५ सालीं त्यांना संतपद मिळालें, आणि १९२९ सालीं ते जगांतील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यावरून अभ्यास नको असा अर्थ काढूं नका. व्हियानी यांनीं अभ्यास कधींच सोडला नाहीं. आर्स येथेंही ते आपलीं प्रवचनें रात्र रात्र जागून पाठ करीत. तुमच्यापैकीं कोणास धर्मगुरु होण्याची हांक ऐकूं आली, तर आपलें मन पूर्णपणें उघडें करतां येईल असा मार्गदर्शक आधीं शोधा. आणि आम्हां शिक्षकांविषयीं सांगावयाचें तर, निकालपत्रकावर शेरा लिहिण्यापूर्वीं बाले यांचा तो आरसा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. आपल्या पश्चात् आपला चेहरा जपून ठेवावा असें एखाद्या तरी शिष्याला वाटेल काय, हा प्रश्न मला स्वतःला दर परीक्षेच्या वेळीं पडतो.