लिलियन जेन मार्टिन

लिलियन जेन मार्टिन (७ जुलै, १८५१ : ओलीन, न्यू यॉर्क, अमेरिका - २६ मार्च, १९४३ : सान फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षिका होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात विभागप्रमुखपद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. वयाच्या पासष्टाव्या वर्षी सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी समुपदेशनाचे काम सुरू केले आणि १९२९ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, सान फ्रान्सिस्को येथे वृद्धांसाठी मानसशास्त्रीय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. अमेरिकेतील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. उतारवयातही मनाला वळण लावता येते आणि माणसांत राहिल्याने मन कार्यक्षम राहते, ही त्यांच्या कार्यामागील मुख्य धारणा होती.

== बालपण आणि शिक्षण ==
मार्टिन यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ओलीन या गावी झाला. शिक्षणाची ओढ लहानपणापासून असली तरी महाविद्यालयाचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. त्यामुळे सोळाव्या वर्षापासून त्यांनी शाळेत शिकवण्यास सुरुवात केली आणि पगारातून पैसे साठवले. १८७६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी व्हासार या स्त्रियांच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८८० मध्ये त्या पदवीधर झाल्या. इतरांची शिक्षणे संपतात त्या वयात त्यांचे उच्च शिक्षण सुरू झाले, आणि हाच क्रम पुढेही त्यांच्या आयुष्यात दिसतो.

पदवीनंतर त्यांनी इंडियानापोलिस येथील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. १८८९ मध्ये त्या सान फ्रान्सिस्कोच्या मुलींच्या माध्यमिक शाळेत उपमुख्याध्यापिका आणि विज्ञान विभागाच्या प्रमुख म्हणून रुजू झाल्या.

== जर्मनीतील संशोधन ==
१८९४ मध्ये स्थिर नोकरीचा राजीनामा देऊन मार्टिन जर्मनीतील ग्यॉटिंगेन विद्यापीठात गेल्या. तेव्हा त्या त्रेचाळीस वर्षांच्या होत्या. प्रायोगिक मानसशास्त्र हे नवे शास्त्र त्या काळी जर्मन विद्यापीठांत आकार घेत होते. १८९८ पर्यंत त्यांनी तेथे गेओर्ग एलियास म्यूलर यांच्या प्रयोगशाळेत काम केले. हाताने उचललेल्या वजनांमधील फरक माणूस कसा ओळखतो, या विषयावरील दोघांचा संयुक्त ग्रंथ १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वजने उचलून पाहणारा माणूस केवळ दोन वजनांची तुलना करीत नाही; एखादे वजन जड किंवा हलके असल्याचा जो स्वतंत्र ठसा मनावर उमटतो, त्याचाही निर्णयावर परिणाम होतो, असे या प्रयोगांतून दिसून आले.

ग्यॉटिंगेनमध्ये त्यांना पदवी मिळाली नाही. पुढे १९१३ मध्ये बॉन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट प्रदान केली.

== स्टॅनफर्ड विद्यापीठ ==
१८९९ मध्ये मार्टिन यांची स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्राच्या सहायक प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. हास्यनिर्मिती, सौंदर्यानुभव, मनातील प्रतिमा आणि अबोध मन हे त्यांच्या संशोधनाचे विषय होते. विनोदी चित्रे दाखवून हसू कशामुळे येते याचा प्रयोगांनी शोध घेणारा त्यांचा १९०५ मधील निबंध या क्षेत्रातील आरंभीच्या कामांपैकी एक आहे. सुट्ट्यांमध्ये जर्मनीला जाऊन तेथील प्रयोगशाळांत काम करण्याचा परिपाठ त्यांनी अनेक वर्षे ठेवला. १९११ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या आणि १९१५ मध्ये मानसशास्त्र विभागाच्या प्रमुखपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी पासष्ट वर्षे पूर्ण झाल्याने नियमानुसार त्यांना निवृत्त व्हावे लागले.

== निवृत्ती आणि तत्कालीन समजुती ==
मार्टिन निवृत्त झाल्या त्या काळात वृद्धांच्या बुद्धीविषयी अमेरिकेत निराशाजनक समजुती प्रचलित होत्या. १९०५ मध्ये विख्यात वैद्य विल्यम ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील निरोपाच्या भाषणात, माणसाचे कर्तृत्व मुख्यतः चाळिशीपूर्वीच घडते आणि साठीनंतर त्याने काम थांबवलेले बरे, अशा आशयाचे विचार मांडले होते. त्यावर मोठा वाद झाला; तरी सक्तीच्या निवृत्तीची पद्धत उद्योगांत आणि शिक्षणसंस्थांत रूढ होत गेली. मानसशास्त्राचे लक्ष प्रामुख्याने बालक व किशोर यांच्याकडे होते. स्टॅन्ली हॉल यांनी १९२२ मध्ये वार्धक्यावरचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही स्वतःच्या निवृत्तीनंतर.

निवृत्तीनंतर मार्टिन सान फ्रान्सिस्कोत राहावयास आल्या आणि सल्लागार मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी व्यवसाय सुरू केला. १९२० मध्ये त्यांनी शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच्या मुलांसाठी मानसिक आरोग्याचे चिकित्सालय सुरू केले. शहरातील माउंट झायन रुग्णालयातही त्यांनी असे काम केले. मुलांच्या अडचणींचा माग काढताना त्यांचे लक्ष घरातील आजी-आजोबांकडे गेले. हातचे काम सुटलेले आणि घरात स्वतःचे स्थान न उरलेले वृद्ध मुलांच्या संगोपनात वारंवार हस्तक्षेप करीत, त्यातून घरात कलह होई आणि त्याचा परिणाम मुलावर होई. अशा घरी केवळ मुलावर उपचार करून भागत नसे. वृद्धाच्या आयुष्याचीही घडी बसवावी लागे. या अनुभवातून त्या वृद्धांच्या समुपदेशनाकडे वळल्या.

== वृद्ध मार्गदर्शन केंद्र ==
१९२९ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र वृद्धाश्रम नव्हते. तेथे येणारी व्यक्ती आपल्या घरीच राहत असे आणि ठरावीक भेटींसाठी केंद्रात येत असे. कार्यपद्धतीची सुरुवात संपूर्ण जीवनवृत्तान्त जाणून घेण्यापासून होई. व्यक्तीने कोणती कामे केली, तिला काय येते, काय करावेसे वाटते आणि कोणाशी तिचे संबंध उरले आहेत, याची नोंद घेतली जाई. त्यानंतर दिवसाचे वेळापत्रक आखून दिले जाई, जवळचे व दूरचे उद्दिष्ट ठरवले जाई आणि पैशाच्या नियोजनाचाही विचार होई. निराशेचे व स्वतःला कमी लेखणारे विचार ओळखून ते जाणीवपूर्वक बाजूला सारण्याचा सराव करवला जाई.

वृद्धांच्या अनेक तक्रारी केवळ शरीराच्या झिजेतून उद्भवत नाहीत. मनाचा वापर थांबल्याने आणि संगत तुटल्याने त्या वाढतात, असे मार्टिन यांचे निरीक्षण होते. म्हणून नवे काही शिकणे आणि लोकांत मिसळणे ही दोन्ही अंगे त्यांनी एकत्र ठेवली. नुसती करमणूक किंवा नुसती सहानुभूती त्यांना पुरेशी वाटत नसे. इतरांना आपला उपयोग आहे ही जाणीव परत मिळणे त्या महत्त्वाचे मानीत.

क्लेअर डी ग्रूची यांच्यासह लिहिलेले ‘सॅल्व्हेजिंग ओल्ड एज’ (१९३०) आणि ‘स्वीपिंग द कॉबवेब्स’ (१९३३) हे त्यांचे या विषयावरील ग्रंथ आहेत. वृद्धांच्या समुपदेशकांसाठी तयार केलेली त्यांची मार्गदर्शिका त्यांच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये प्रकाशित झाली.

== व्यक्तिगत जीवन ==
मार्टिन अविवाहित होत्या. इतरांना दिलेला सल्ला त्यांनी स्वतःही आचरला. सत्तरी उलटल्यावर त्या मोटार चालवावयास शिकल्या. त्यांनी जगप्रवास केला आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकट्याने रशियाचा दौरा केला. पंच्याऐंशीच्या सुमारास त्यांनी साठी ओलांडलेल्या काही पुरुषांना सोबत घेऊन शेती चालवली. नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना दक्षिण अमेरिकेचा दीर्घ प्रवास केला. मार्च १९४३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, सान फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत त्यांचे काम सुरू होते.

== मूल्यमापन ==
मार्टिन यांच्या निष्कर्षांचा आधार प्रामुख्याने एकेका व्यक्तीचे वृत्तान्त हा होता. मार्गदर्शन न मिळालेल्या वृद्धांच्या गटाशी तुलना करून परिणाम तपासण्याची आजची पद्धत त्यात नाही. केंद्रात येणाऱ्यांना बदलण्याची थोडीबहुत इच्छा असणार, हेही लक्षात घ्यावे लागते. दुसरी मर्यादा सामाजिक आहे. केंद्र स्थापन झाले त्याच वर्षी अमेरिकेत महामंदीला आरंभ झाला आणि असंख्य वृद्धांची नोकरी व बचत गेली. कॅलिफोर्नियातच डॉ. फ्रान्सिस टाउनसेंड यांनी १९३३ पासून साठीवरील प्रत्येकाला दरमहा २०० डॉलर निवृत्तिवेतन मिळावे यासाठी मोठी चळवळ उभारली आणि १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. व्यक्तीच्या प्रयत्नांवर भर देणारी मार्टिन यांची पद्धत दारिद्र्याच्या प्रश्नाला पुरी पडणारी नव्हती. मात्र निवृत्तिवेतन मिळाल्यावरही दिवस कसा घालवायचा हा प्रश्न उरतोच, आणि त्यांनी हाती घेतलेला प्रश्न तोच होता.

== उत्तरकालीन संशोधन ==
मार्टिन यांनी अनुभवावरून मांडलेल्या धारणांची काटेकोर तपासणी पुढे अनेक दशकांनी झाली. अमेरिकेत ‘ॲक्टिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात पासष्ट व त्याहून अधिक वयाच्या २,८३२ व्यक्तींचा समावेश होता. त्यांपैकी तीन गटांना अनुक्रमे स्मरण, तर्क आणि माहिती ग्रहण करण्याचा वेग यांचे प्रशिक्षण देण्यात आले. चौथा गट तुलनेसाठी होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्या क्षमतेचा सराव दिला त्या क्षमतेत सुधारणा झाली, परंतु ती इतर क्षमतांपर्यंत आपोआप पोहोचली नाही. दहा वर्षांनंतर तर्क आणि वेग यांतील लाभ काही प्रमाणात टिकून होता. स्मरणातील टिकला नव्हता. दुसरीकडे, २०२० मधील ‘लॅन्सेट’ आयोगाच्या अहवालाने सामाजिक एकाकीपणाचा समावेश स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या घटकांत केला आहे.

या संशोधनावरून वृद्धांची शिकण्याची क्षमता पूर्णपणे संपते हा जुना समज टिकत नाही. तसेच एखाद्या सरावाने सर्व मानसिक शक्ती पूर्ववत होतात, हेही सिद्ध होत नाही. मार्टिन यांच्या केंद्रात मनाचा सराव दिनक्रम, उद्दिष्ट आणि माणसांची संगत यांच्याशी जोडलेला होता. वार्धक्याच्या मानसशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव या एकत्रित दृष्टीमुळे घेतले जाते.