हुआन लुईस व्हीव्हेस

हुआन लुईस व्हीव्हेस (जन्म: १४९३, व्हॅलेन्सिया, मृत्यू: ६ मे १५४०, ब्रूज) हे स्पॅनिश मानवतावादी विचारवंत व शिक्षणतज्ज्ञ होते.

पार्श्वभूमी

अरागॉनचा राजा पहिला जेम्स याने १२३८ मध्ये व्हॅलेन्सिया जिंकले. त्यानंतर दीड शतक या बंदरात ख्रिस्ती, मुस्लिम व ज्यू शेजारी नांदत होते. त्यांच्यात समता नव्हती. मात्र अल्पसंख्याकांना राजाश्रय होता. ९ जुलै १३९१ रोजी जमावाने ज्यू वस्तीवर हल्ला केला. अनेक जण मारले गेले व उरलेल्यांपैकी बहुतेकांना बाप्तिस्मा घ्यावा लागला. व्हीव्हेस घराणे अशा नवख्रिस्तींपैकीच होते. बाप्तिस्मा झालेल्याने ज्यू आचार पाळणे हे पाखंड ठरत असल्याने धर्मांतरामुळेच ही कुटुंबे इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाच्या कक्षेत आली.

कुटुंबावरील खटले

वडील लुईस व्हीव्हेस कापडाचे व्यापारी होते. आईचे नाव ब्लांकीना मार्च. व्हीव्हेस लहान असतानाच त्यांचे नातलग मिगेल यांच्या घरात गुप्त प्रार्थनास्थळ सापडले. मिगेल व त्यांच्या आईला जिवंत जाळण्यात आले. १५०८ मध्ये ब्लांकीना वारल्या. पुढच्याच वर्षी व्हीव्हेस शिक्षणासाठी पॅरिसला गेले आणि नंतर ब्रूजमध्ये स्थिरावले. १५२२ मध्ये अल्काला विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद देऊ केले. ते त्यांनी स्वीकारले नाही. त्यामागील कारण समजणे कठीण नाही. १५२४ मध्ये वडिलांना जाळण्यात आले व मालमत्ता जप्त झाली. मुलींनी आईच्या स्त्रीधनावर हक्क सांगितला, तेव्हा न्यायपीठाने मृत ब्लांकीनांवरच खटला चालवला. दोषी ठरवून त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या.

कार्य

इंग्लंडमध्ये व्हीव्हेस यांनी ऑक्सफर्डला अध्यापन केले व राजकन्या मेरीसाठी अभ्यासक्रम आखला. राजाच्या घटस्फोटाच्या वादात कॅथरीन राणीची बाजू घेतल्याने १५२८ मध्ये त्यांना तो देश सोडावा लागला. १५२६ च्या ग्रंथात त्यांनी गरिबांच्या पोषणाची जबाबदारी नगरपालिकेवर सोपवली. १५३१ च्या शिक्षणविषयक ग्रंथात शिक्षकांनी दर दोन-तीन महिन्यांनी एकत्र बसून प्रत्येक विद्यार्थ्याचा कल ठरवावा, असे सुचवले. ही सूचना आजही अनेक शाळांत अमलात आलेली नाही.

आईवडिलांच्या खटल्यांची उघड वाच्यता त्यांच्या ग्रंथांत नाही. मात्र अखेरच्या काळात मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी लिहिलेल्या संवादांपैकी एकात काही तरुण व्हॅलेन्सियाच्या रस्त्यांवरून गप्पा मारत फिरतात व व्हीव्हेस यांच्या जन्मघराचाही उल्लेख करतात. ते स्वतः स्पेनला कधीच परतले नाहीत. खटल्यांची कागदपत्रे १९६४ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाली.