पाच हजार आणि पन्नास

मोठ्या जाऊबाईंना शेक सुरू झाले आणि फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. घरात हे दुखणं नवीन नाही. सासूबाईंना १९८६ मध्ये हेच झालं होतं, त्यांचीही फाईल कपाटात जपून ठेवलेली. एका रात्री झोप येईना म्हणून दोन्ही फाईली शेजारी मांडून बसले, आणि पोटात गोळाच आला. सासूबाईंच्या कागदावर रोज २०० रॅड, पंचवीस दिवस, एकूण ५०००. जाऊबाईंच्या कागदावर रोज २ ग्रे, पंचवीस दिवस, एकूण ५०. सासूबाई त्यानंतर एकोणीस वर्षं जगल्या. मग जाऊबाईंना इतकं कमी का? योजनेतली पेशंट म्हणून हात आखडता घेतला की काय?

सकाळी मशीनवरच्या ताईंना भीत भीत विचारलं. त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. पाकिटाच्या मागे त्यांनी लिहून दाखवलं, १०० रॅड म्हणजे १ ग्रे. पैसे आणि रुपयासारखं. डोस दोघींचा तोच, फक्त माप बदललं. वेगाचंही तसंच. जुनं कोबाल्टचं मशीन मिनिटाला १०० रॅड देत असेल, तर ते झालं मिनिटाला १ ग्रे, म्हणजेच तासाला ६० ग्रे. वरचं माप बदलायला शंभराने भागायचं, खालचा वेळ बदलायला साठने गुणायचं. नळाची धार आणि बादली! धार मिनिटाला मोजायची, बादली एकूण. कोबाल्टची धार सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, मग तेवढीच बादली भरायला दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं लागतात.

घरी येताना बसमध्ये मला आठवल्या मादाम क्युरी. शाळेत त्यांच्यावर धडा होता, तेव्हा नोबेल दोनदा एवढंच पाठ केलं होतं. आता लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं तर वाटलं, या बाईकडे ही मापं असती तर?

१८६७ मध्ये वॉर्साला जन्मलेली ही मास्तरांची पोर. दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. पोलंडवर तेव्हा रशियाचं राज्य, मुलींना विद्यापीठ बंद. दोघी बहिणींनी ठरवलं, मारियाने परक्या घरी मुलांना शिकवायची नोकरी करून ब्रोन्याला पॅरिसला डॉक्टर करायचं, मग ब्रोन्याने हिला बोलवायचं. हिची पाळी यायला १८९१ उजाडलं. (एवढी वर्षं बहिणीसाठी थांबणं सोपं नव्हे हो.) १८९५ मध्ये पिएर क्युरींशी लग्न झालं. लग्नाला गडद निळा पोशाख घेतला, नंतर प्रयोगशाळेतही वापरता यावा म्हणून. किती आपल्यातली वाटली मला ती!

१८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम शोधलं. घरात तेव्हा वर्षाची आयरीन. गळक्या शेडमध्ये ही बाई स्वतःच्या उंचीच्या लोखंडी दांड्याने खनिजाचा रगाडा ढवळायची. टनावारी खनिजातून १९०२ पर्यंत हाती आलं ते एक दशांश ग्रॅम रेडियमचं क्षार. रात्री नळ्या चमकायच्या, त्या बघायला दोघं मुद्दाम शेडमध्ये जायचे. पिएरनी तर ते दंडावर बांधून कातडी भाजून घेतली. यातूनच पुढे गाठींवर रेडियम लावायची कल्पना निघाली, म्हणजे आमच्या जाऊबाईंच्या शेकांचं मूळ तिथे आहे. पण किती लावायचं? माप असं नव्हतंच. कातडी लाल झाली की झाला एक डोस, असा हिशेब.

१९०३ चं नोबेल आधी फक्त पिएर आणि बेकेरेल यांनाच जायचं होतं. पिएरनी हट्ट धरला म्हणून तिचं नाव आलं. १९०६ मध्ये ते घोडागाडीखाली सापडून गेले. पदरात दोन मुली. तिने त्यांच्याच जागी सॉर्बोनमध्ये शिकवायला सुरुवात केली. १९१० मध्ये ब्रुसेल्सला रेडियमचं माप ठरलं, नाव क्युरी. एवढं मोठं एकक नको म्हणणारे होते, पण बाई ऐकेनात. एक ग्रॅम रेडियमवरच अडून राहिल्या. आज एक क्युरी म्हणजे ३७०० कोटी बेकेरेल, यावरून समजा. पण क्युरी सांगतं चुलीत जाळ किती. भाकरीला शेक किती लागला ते नाही सांगत. त्याला रॅड, ग्रे लागतात.

१९११ ला दुसरं नोबेल. पहिल्या महायुद्धात गाडीवर एक्स-रे मशीन चढवून स्वतः आघाडीजवळ गेल्या, सोबत सतरा वर्षांची आयरीन. किती किरण अंगावर घेतले, कोण मोजणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून त्यांना एक ग्रॅम रेडियम दिलं. तोवर बोटं भाजून खडबडीत झालेली, पुढे मोतीबिंदूची ऑपरेशनं. मला इथे थोडा रागच आला त्यांचा. सहकारी आजारी पडत होते, तरी मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटेल यावर त्यांचा विश्वास. ४ जुलै १९३४ ला रक्त तयार होईना अशा आजाराने त्या गेल्या. एक्स-रे मोजायचं राँटजेन हे माप जगाने मान्य केलं होतं १९२८ मध्ये. रॅड आलं १९५३ ला, ग्रे १९७५ ला. त्यांच्या वह्या पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिशाच्या पेट्यांत आहेत, अजून किरण सोडतात.

काल जाऊबाईंचा अठरावा शेक झाला. ३६ ग्रे. मी शेजारी पेन्सिलीने ३६०० रॅड लिहिलं, सासूबाईंच्या कागदाशी ताडून पाहिलं, आणि पाकीट फाईलमध्ये ठेवून दिलं.